क्यूचा नवा शाफ्ट : लाकडाची पारख आणि टोकावरचे चामडे

पूल हा खेळ ज्या काठीने खेळतात तिला क्यू म्हणतात, आणि हा क्यू बहुधा अखंड नसतो. सुमारे ५८ इंच लांबीची ही काठी मध्यावर मळसूत्राने जोडलेली असते. मागचा जाड, जड भाग म्हणजे बट. पुढचा, टेबलावर टेकलेल्या हाताच्या बोटांतून सरकत चेंडूला भिडणारा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. बट नीट सांभाळला तर खेळणाऱ्याच्या मुलालाही पुरतो. शाफ्टचे तसे नाही. हाताचा घाम, खडूची पूड, चेंडूवरचे असंख्य आघात आणि पावसाळ्याची ओल हे सारे त्यालाच सोसावे लागते. काही वर्षांत त्याच्या अंगावर खाचा पडतात किंवा त्याला सूक्ष्म बाक येतो, आणि आपला नेम नेमका कशामुळे चुकतो हे खेळाडूला कळेनासे होते.

अशा वेळी दुकानदार सहसा नवा क्यूच पुढे करतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरांनी तागडीची दांडी पिढ्यानुपिढ्या जपली आणि केवळ पारडी बदलली, त्या घरांना हा सल्ला सहज पटणारा नाही. बट चांगला असेल तर नवा शाफ्ट तेवढा घ्यावा, हाच शहाणपणाचा व्यवहार. मुलाला खेळ कळतो, वडिलांना माल कळतो. शाफ्टची निवड ही दोघांनी मिळून करण्याजोगी गोष्ट आहे.

पूल म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, तीही अकारण नव्हे. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले, आणि पैजेवर खेळला जाणारा पूल त्यातच मोडतो. त्याच्या समर्थनार्थ काही सांगण्याजोगे नाही. क्लबात किंवा जिमखान्यात पैजेविना खेळला जाणारा पूल हा मात्र भूमितीचा आणि धीराचा खेळ आहे, आणि येथे विचार आहे तो त्याचाच.

खरेदीपूर्वी एक घोळ टाळला पाहिजे. आपल्याकडे बिलियर्ड्‌स आणि स्नूकरची परंपरा जुनी आहे. स्नूकरचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाल्याचे मानले जाते, आणि १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्‌सचे जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे जन्माने पुण्याचे. त्यामुळे क्यू दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांचा हात स्नूकरवर अधिक बसलेला असतो. स्नूकरचा क्यू बहुधा ॲश नावाच्या लाकडाचा असतो आणि त्याचे टोक ९ ते १० मिलिमीटर जाडीचे असते, कारण चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटरचा आणि वजनाने भारी. म्हणून पूलच्या शाफ्टचे टोक साधारण १२.७५ ते १३ मिलिमीटर ठेवतात आणि लाकूड वापरतात ते मेपलचे. दुकानात केवळ ‘क्यूचा पुढचा भाग’ मागितला तर भलतीच वस्तू हाती पडू शकते.

मेपलच्या अनेक जातींपैकी शाफ्टसाठी निवडला जातो तो कठीण मेपल. कॅनडाचा पूर्व भाग आणि अमेरिकेची उत्तरेकडील थंड राज्ये हे त्याचे घर. ज्या झाडाच्या रसापासून तिकडे गोड पाक करतात, तेच हे झाड. कडक हिवाळ्यामुळे ते सावकाश वाढते. वर्षागणिक वाढीचे एक बारीक वर्तुळ धरते आणि लाकूड घट्ट होते. ॲशमध्ये छिद्रांची रांग वर्तुळासोबत दाटते, त्यामुळे त्याच्या अंगावर बाणासारख्या ठळक रेषा उमटतात. मेपलची छिद्रे अत्यंत बारीक आणि सर्वत्र सारखी पसरलेली असतात; म्हणून ते घासले की काचेसारखे गुळगुळीत होते आणि बोटांतून अडखळल्याविना सरकते. शाफ्टला याहून मोठा गुण नाही.

आता पारखीचा भाग. बाजारात शाफ्टची जाहिरात बहुधा शुभ्र रंगावर केली जाते, आणि ग्राहकही पांढऱ्या रंगाला भुलतो. वस्तुतः पांढरेपणा एवढेच सांगतो की लाकूड झाडाच्या बाहेरच्या, साली लगतच्या थरातले आहे. काही शाफ्टवर तपकिरी बारीक ठिपके किंवा रेघा दिसतात. त्या खनिजांच्या खुणा असून त्यांनी खेळात काहीही बिघडत नाही. उलट अशा डागांमुळे किंमत उतरली असेल तर जाणत्याने तो माल आधी उचलावा. तांदळाची पारख कोणी केवळ रंगावरून करीत नाही, तसेच हे.

खरी परीक्षा रेषांची. शाफ्ट उजेडात धरून जोडाकडील टोकापासून पुढच्या टोकापर्यंत एक रेषा नजरेने धरून पाहावी. चांगल्या लाकडात ती रेषा शेवटपर्यंत सोबत करते. हलक्या लाकडात ती मध्येच तिरकी होऊन काठाबाहेर निघून जाते. शाफ्ट हळूहळू फिरवून चारही बाजूंनी हे पाहणे आवश्यक आहे, कारण एका बाजूने सरळ दिसणारी रेषा दुसऱ्या बाजूने पळालेली असू शकते. यामागील कारण समजून घेण्याजोगे आहे. ओल शोषली किंवा सोडली की लाकूड फुगते वा आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नव्हे. कठीण मेपल ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळाच्या दिशेने सुमारे ९.९ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे ४.८ टक्के, आणि लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. रेषा सरळ असतील तर या आकसण्याचा परिणाम जाडीपुरता राहतो. रेषा तिरकी पळत असेल तर तेच आकसणे लांबीत उतरते, शाफ्टची एक बाजू दुसरीहून किंचित तोकडी होते, आणि बाक येतो. मुंबईचा जून आणि पुण्याचा मे या दोन हवांत फिरणाऱ्या शाफ्टसाठी हा प्रश्न काल्पनिक नाही.

वर्तुळे मोजण्याची चर्चा खेळाडूंमध्ये फार असते. इंचाला जितकी अधिक वर्तुळे तितके लाकूड उत्तम, असा समज आहे. तो अगदी खोटा नाही, पण त्याला जितके महत्त्व दिले जाते तितके त्याचे नाही. दाट वर्तुळांचा आणि पळत्या रेषांचा शाफ्ट घेण्यापेक्षा विरळ वर्तुळांचा, सरळ रेषांचा शाफ्ट केव्हाही चांगला. वजनावर अधिक विश्वास ठेवावा. २९ इंची अखंड मेपलचा शाफ्ट साधारण १०० ते १२५ ग्रॅम भरतो. एकाच मापाच्या दोन शाफ्टमध्ये जो जड तो बहुधा घट्ट लाकडाचा. दुकानात सोनारी काटा नसला तरी किराण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो.

आपल्या पूर्वजांनी नाणे वाजवून घेतले आणि माठही. शाफ्टही वाजवून घ्यावा. वरच्या बाजूने दोन बोटांत सैल धरून मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारली असता घट्ट, निर्दोष लाकूड खणखणीत बोलते; आत चीर असेल किंवा फेरूल सैल असेल तर आवाज बद्द येतो. त्यानंतर शाफ्ट सपाट टेबलावर लोळवावा आणि खाली दिसणाऱ्या उजेडाच्या फटीकडे पाहावे. फट एकसारखी राहिली तर ठीक. ती उघडमीट करू लागली तर शाफ्टला बाक आहे. हीच परीक्षा पूर्ण जोडलेल्या क्यूवर करून निष्कर्ष काढू नये. शाफ्ट सरळ, बटही सरळ, परंतु जोडाची तोंडे किंचित तिरकी कापलेली, असेही घडते. तेव्हा दोष शाफ्टच्या लाकडाचा नसून लेथवर काम करणाऱ्या हाताचा असतो.

जोडाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक पैसा येथे वाया जातो. मळसूत्राचा खिळा बहुधा बटमध्ये असतो आणि त्याला बसणारे आटे शाफ्टमध्ये. हे आटे सर्व क्यूंना एकच नसतात. ३/८ इंच जाडीचा आणि इंचाला १० आट्यांचा खिळा एका पद्धतीचा. ५/१६ इंच जाडीचा दुसऱ्या पद्धतीचा, आणि त्यातही इंचाला १४ आट्यांचा एक व १८ आट्यांचा एक. याशिवाय मोजक्या फेऱ्यांत घट्ट बसणारे जोड निराळेच. ५/१६ चे दोन्ही प्रकार दिसायला सख्ख्या भावांसारखे. १८ आट्यांचा शाफ्ट १४ आट्यांच्या खिळ्यावर एक-दोन फेरे जातोही. मग जोर लावला की आटे मोडतात आणि नवा शाफ्ट पहिल्याच दिवशी निकामी होतो. म्हणून बट सोबत नेल्याशिवाय शाफ्ट घेऊ नये. परदेशातून मागवायचा असल्यास कारागिराकडून आट्यांचे माप लिहून घ्यावे, आणि जोडाजवळील बटचा व्यासही. व्यासात केसाएवढा फरक असला तरी जोडावर बोटाला पायरी लागते. खेळ त्याने बिघडत नाही, पण ती पायरी खेळाडूच्या मनाला लागत राहते.

जाडी कोठून वाढू लागते, हा प्रश्न सवयीचा आहे. काही शाफ्ट टोकापासून दहा-चौदा इंच एकाच जाडीचे राहतात आणि मग जाड होत जातात. काही टोकापासूनच थोडे थोडे वाढतात. जुना शाफ्ट ज्या प्रकारचा, त्याच प्रकारचा नवा घ्यावा.

आजकाल दुकानात अखंड लाकडाऐवजी लाकडाच्या पाकळ्या जोडून केलेले शाफ्ट आणि कार्बन तंतूंचे काळे शाफ्टही दाखवतात. पांढऱ्या चेंडूच्या मध्यापासून डावीकडे वा उजवीकडे टोला दिला की चेंडू किंचित उलट दिशेला सरकून निघतो. शाफ्टच्या पुढच्या काही इंचांचे वजन जितके कमी तितके हे सरकणे कमी. या नव्या शाफ्टचा मुख्य गुण हाच. त्यांचा दावा खरा आहे. पण ज्या मुलाने अखंड मेपलवर चार वर्षे हात बसवला, त्याने तेवढे सरकणे नकळत हिशेबात धरलेले असते. त्याला एकाएकी नवा शाफ्ट दिला तर त्याचे जुने आडाखे चुकू लागतात. स्पर्धेच्या तोंडावर असा बदल करणे म्हणजे दिवाळीच्या आठवड्यात वहीची पद्धत बदलणे. कार्बनचा शाफ्ट वाकत नाही आणि ओलीला भीत नाही, हेही खरे. त्याची किंमत मात्र अखंड मेपलच्या कित्येक पट असते, आणि लाकडाचा बोटांना होणारा स्पर्श त्यात नसतो.

येथवरचा विचार कोणत्याही खेळाडूला लागू आहे. जैन घराला त्यापुढे जावे लागते, कारण शाफ्ट लाकडाचा असला तरी त्याचे टोक लाकडाचे नसते.

शाफ्टच्या पुढच्या टोकावर सुमारे इंचभर लांबीची पांढरी नळी बसवलेली असते. तिला फेरूल म्हणतात. आघाताने लाकूड फाटू नये, हे तिचे काम. ही नळी एके काळी हस्तिदंताची असे. चेंडूही हस्तिदंताचेच असत, आणि एका सुळ्यातून मोजकेच निर्दोष चेंडू निघत. एकोणिसाव्या शतकात या खेळासाठी किती हत्ती मेले असतील, ही कल्पनाही असह्य आहे. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन अँड कोलेंडर या पेढीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट यांनी त्या शोधातूनच सेल्युलॉइडचा मार्ग काढला, आणि पुढे चेंडू कृत्रिम राळेचे झाले. त्या पेढीला हत्तींची करुणा आली होती असे मुळीच नाही. माल महाग आणि अपुरा पडत होता, एवढेच. तरीही ग्राहकाने दुसरी वस्तू मागितली आणि ती निर्माण झाली, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज फेरूल बहुधा प्लास्टिकची, मेलामाइनची किंवा दाबलेल्या तंतूंची असते. मात्र अमेरिकेतील हाताने क्यू घडवणारे काही कारागीर फार उशिरापर्यंत हस्तिदंताची फेरूल बसवत होते. म्हणून परदेशातून जुना, वापरलेला शाफ्ट घेताना फेरूल कशाची आहे हे लेखी विचारावे. १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आयात हस्तिदंताचा व्यापारही निषिद्ध केला आहे. हा केवळ धर्माचा नाही, तुरुंगाचाही प्रश्न आहे.

फेरूलचा प्रश्न असा सुटतो. टिपेचा इतक्या सहज सुटत नाही. फेरूलच्या पुढे, चेंडूला प्रत्यक्ष स्पर्श करते ती टीप चामड्याची असते : गाईचे, म्हशीचे, आणि थर चिकटवून केलेल्या महागड्या टिपांत पुष्कळदा डुकराचे कातडे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रांस्वा मेंगो या फ्रेंच सैन्याधिकाऱ्याने चामड्याची टीप रूढ केली, असे या खेळाच्या इतिहासात मानले जाते. त्यापूर्वी उघडे लाकूडच चेंडूवर आदळे आणि मध्यापासून जरा बाजूला टोला दिला की घसरे. चामडे खडू धरून ठेवते, चेंडूला क्षणभर पकडते, आणि त्या पकडीतूनच फिरकीचा सारा खेळ जन्माला आला.

श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे ज्यांतून विशेष हिंसा घडते असे व्यवसाय. त्यांत दंतवाणिज्य आहे. नावात दात असले तरी त्याची व्याप्ती हस्तिदंतापुरती नाही. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचे जे विवरण केले आहे, त्यात केस, नखे, हाडे आणि कातडीही येते : त्रस जीवांच्या शरीराचे अवयव व्यापारासाठी उत्पत्तिस्थानी घेणे. बाराव्या शतकातील हे विवरण व्यापाराचे मर्म जाणणाऱ्याचे आहे. दारात ग्राहक उभा राहिला की शिकारी रानात शिरतो. कर्मादान हा उपजीविकेचा विषय आहे आणि एक टीप वापरणे हा उपभोगाचा. दोन्ही एकच नव्हेत. क्रीडासाहित्याचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबापुढे मात्र हा भेद पुसट होतो, कारण तेथे टिपा पेटीने येतात. त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच निर्णय घ्यावा.

याच पंधरांत लाक्षावाणिज्यही आहे, आणि त्याचा शाफ्टशी संबंध अनेकांना ठाऊक नसतो. लाकडाची छिद्रे बुजवण्यासाठी कित्येक कारागीर शाफ्टला लाखेचा हात देतात. लाख म्हणजे सूक्ष्म किड्यांचा स्राव, जो किड्यांसह खरवडला जातो. उपाय सोपा आहे : कृत्रिम सीलर वापरायला सांगावे. पूर्वी टीप चिकटवायला कातड्याचा सरस वापरीत. आता बहुतेक ठिकाणी झटपट सुकणारे कृत्रिम गोंद आहेत, तरी एकदा विचारून घ्यावे. शाफ्टला झिलई आणण्यासाठी चामड्याचा तुकडा घासण्याची रीत आहे. साधा कोरा कागद जोरात घासला तरी तीच झिलई येते.

टिपेला पर्याय आहे का? आहे, पण त्याची किंमत खेळात मोजावी लागते. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टीप चामड्याचीच हवी असे नाही. अन्य तंतुमय किंवा लवचिक पदार्थही चालतो. म्हणजे नियमाने दार बंद केलेले नाही. बाजारात सहज मिळणारा बिनचामडी पर्याय म्हणजे फिनॉलिक राळेची टीप. ती दगडासारखी टणक असते, खडू धरत नाही. डाव सुरू करताना चेंडू फोडण्याच्या टोल्याला उत्तम, फिरकीला निरुपयोगी, आणि इतकी टणक की काही स्पर्धांत तिला मनाई असते. जो तरुण अशी टीप निवडील त्याला मध्यावरचा टोला, वेग आणि कोन यांवरच खेळ उभा करावा लागेल. सरावाचा खेळ त्यावर चांगला चालतो; वरच्या दर्जाची स्पर्धा जिंकणे अवघड जाईल. घरात हा विषय निघाला तर मुलापासून हे लपवू नये. त्याला दोन्ही टिपा आठवडाभर वापरू द्याव्यात आणि मग विचारावे. शाफ्ट मागवताना ‘टीप न लावता पाठवा’ असे सांगितले तर निर्णय घरी, सावकाश घेता येतो. घाऊक विक्रेत्याकडे मऊ बिनचामडी टिपेची मागणी नोंदवून ठेवावी. एकाने विचारले तर तो हसेल, दहा दुकानांनी विचारले तर तो कारखान्याला पत्र लिहील.

शाफ्ट घरी आल्यावर पहिला पावसाळा कसोटीचा. क्यू जोडलेल्या अवस्थेत भिंतीला तिरका टेकवून ठेवू नये. दोन्ही भाग सुटे करून पेटीत उभे ठेवावेत, पेटी चामड्याऐवजी कापडी किंवा नायलॉनची घ्यावी आणि तिच्यात ओल शोषणाऱ्या दोन पुड्या टाकाव्यात. उन्हाळ्यात बंद मोटारीत तो विसरू नये. खेळ संपल्यावर किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. खरकागद वर्षातून एखाददुसऱ्या वेळेपेक्षा अधिक लावू नये, कारण प्रत्येक वेळी लाकूड थोडे कमी होते, आणि १३ मिलिमीटरचा शाफ्ट १२ चा कधी झाला हे मापपट्टी लावेपर्यंत कोणाच्या ध्यानातही येत नाही.